जिथे त्याचा हात गेला नाही

आमच्या घरी घट बसला की मला पनवेलजवळच्या करंजाड्यातली एक छोटी खोली हटकून आठवते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांतले कित्येक आता चेहऱ्यांसकट विसरलो. ती खोली मात्र विसरता येत नाही. खरं सांगायचं तर त्या प्रकरणात चोरीचा गुन्हा शेवटी दाखलच झाला नाही. मी कोणाचं नावही देणार नाही. ती माणसं अजून तिथेच राहतात आणि त्यांना रोज त्याच गल्लीतून भाजी आणायला जायचं असतं.

निवृत्तीआधीचं ते माझं शेवटचं नवरात्र. नवरात्रात लोक देवीचा जागर करतात आणि पोलीस बंदोबस्ताचा. सेक्टरागणिक गरबा, सोसायटीगणिक स्पीकर. एक काका रोज फोन करून आवाज बंद करायला सांगायचे आणि आम्ही गाडी घेऊन पोहोचलो की त्यांच्याच सौभाग्यवती पहिल्या फेऱ्यात टिपऱ्या घेऊन दिसायच्या. अशा धावपळीत एका दुपारी ठाण्याच्या फोनवर एका बाईचा आवाज आला.

"हजूर, नवीन बिल्डिंगच्या मागे पत्र्याचा शेड आहे. तिथे पोरं बसतात, पावडर घेतात. जल्दी या."

नाव विचारलं तर फोन कट. आम्ही गेलो. पोरं आमच्या गाडीचा आवाज ऐकून अर्धवट बांधलेल्या इमारतीतून पसार झाली होती. खाली प्लॅस्टिकच्या रिकाम्या पुड्या आणि कागदाच्या नळ्या तेवढ्या पडलेल्या. जप्त केल्या, स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि पुन्हा बंदोबस्ताला लागलो. त्या 'हजूर'ने मात्र माझं लक्ष वेधून घेतलं होतं. आमच्या भागात पोलिसाला साहेब म्हणतात, सर म्हणतात, पाठ फिरल्यावर आणखीही बरंच काही म्हणतात. हजूर कोणी म्हणत नाही.

त्याच आठवड्यात तो आवाज स्वतःच्या पायांनी ठाण्यात आला. चाळिशीची बाई, सलवार-कमीज, हाताला आलं-लसणाचा वास. नेपाळच्या डोंगरातल्या गावातून लग्न होऊन नवऱ्याबरोबर इकडे आलेली. नवरा वॉचमन. ही सकाळी चार घरी स्वयंपाक करायची आणि संध्याकाळी मोमोची गाडी लावायची. मराठी तिने लोकांच्या स्वयंपाकघरांत ऐकून ऐकून उचललेलं, त्यामुळे एकाच वाक्यात 'हजूर' आणि 'अगंबाई' दोन्ही यायचं.

"हजूर, चोरी झाला. माझा तिल्हरी गेला."

तिल्हरी म्हणजे नेपाळी सवाशिणीचं मंगळसूत्रच म्हणा. बारीक काचेच्या मण्यांच्या सरी आणि मधोमध सोन्याची लांबट नळी. सणाला घालतात, एरवी पेटीत ठेवतात.

"संशय कोणावर?" ठाणे अंमलदाराने विचारलं.

"संशय नाही. माहीत आहे. माझा मुलगा. त्याला आत टाका."

पोराविरुद्ध आईने यावं यात आम्हाला नवल उरलेलं नव्हतं. या पावडरीने किती आया आमच्या बाकावर आणून बसवल्या. पण फिर्यादी माणूस ठाण्यात आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, माझी वस्तू परत कधी मिळेल? ही बाई ते विचारेच ना. तिचे प्रश्न भलतेच.

"किती दिवस ठेवणार? दार बाहेरून बंद करता ना? जेवायला काय देता? सकाळी त्याला उपाशी पोटी चहा देऊ नका, हजूर. पोटात जळतं त्याच्या."

चोराच्या पोटाची काळजी करणारी फिर्यादी मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी माझ्या केबिनमधून बाहेर येऊन म्हणालो, "ताई, शेडचा फोन तुम्हीच केला होतात ना?"

तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "कुठला फोन, हजूर?"

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस लगेच कळतो. मी तो विषय तिथेच सोडला, तिचा अर्ज चौकशीला घेतला आणि हवालदाराला बरोबर घेऊन तिच्या घरी गेलो.

घर म्हणजे एका आगरी आजींच्या इमारतीतली तळमजल्याची खोली. आजींचं मूळ गाव विमानतळाच्या जमिनीत गेलं, तेव्हा त्या इकडे आल्या. पोलिसांची गाडी पाहून त्या पदर खोचूनच बाहेर आल्या.

"साहेब, बाय सोन्यासारखी हाय. आमचा गाव सुटला, तिचा पन सुटला. गाव सोरून आलेल्या मानसाला मी खोली नाय देनार तं कोनाला देनार?"

"आणि पोरगा?"

"पोर हुशार व्हता. माझ्या नातीचा अब्यास घ्यायचा. आता डोल्याला डोला देत नाय."

आत नवरा गादीवर पडून होता. सोसायटीच्या टाकीची शिडी उतरताना पडला आणि कंबर मोडून घेतली. पोरगा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता, तो बापाच्या आजारपणातच घसरला. बाई कामावर, बाप गादीवर आणि पोराकडे बघायला कोणी नाही, अशा घराचा वास या पावडरवाल्यांना बरोबर लागतो. नवऱ्याने मला पाहून उठायचा प्रयत्न केला. मी नको म्हटलं.

"आयुष्यभर लोकांची दारं राखली, साहेब," एवढंच म्हणाला आणि त्याने तोंड भिंतीकडे केलं.

घरात होतं तरी काय? मिक्सर गेलेला, बापाचा फोन गेलेला, गॅसची शेगडीही पोराने एकदा विकली म्हणून आजींनी त्यांची जुनी दिलेली. उरलेली पेटी तिने आमच्यासमोर आपणहून उपसली, तांदळाचा डबा उलटा केला, गादीसुद्धा नवऱ्याला कुशीवर वळवून दाखवली. हवालदार कोपऱ्याकडे वळला तेव्हा मात्र ती आडवी आली.

"तिथे नको. देवी बसली आहे."

लाल कापडाच्या आडोशाला घट होता. तुमचा घट, आमचा जमरा, असं तिनेच सांगितलं. पळसाच्या पानांच्या द्रोणात वाळू-माती, त्यात पेरलेले जव, उजेड न लागल्यामुळे पिवळे धमक अंकुर, एका बाजूचे जरा लोळलेले. दसऱ्याला मोठी माणसं लहानांच्या कपाळी टीका लावतात आणि हे अंकुर कानावर खोवतात. पेरायचा मान बापाचा, पण यंदा तो उठू शकत नव्हता म्हणून तिने पेरले होते. शेजारी पितळेची मूर्ती, घंटा आणि एक जुनी जड समई.

आमचा हवालदार नवरात्रात अनवाणी राहणारा. त्याने तिथूनच हात जोडले आणि मागे सरला. मीही हात जोडले. आमच्याकडे घट बसला की नऊ दिवस त्याला कोणी हलवत नाही, मग तो घरातला असो की दुसऱ्याचा. झडतीत अख्खं घर पाहिलं आणि एक कोपरा सोडला, आणि तो सोडला हे आम्हा दोघांच्या ध्यानातही आलं नाही.

पोरगा त्याच शेडमध्ये झोपलेला सापडला. अंगावर मळका टी-शर्ट, गालफडं बसलेली, पण नाक-डोळे थेट आईचे. ठाण्यात आणून आधी त्याला पाणी दिलं, मग चौकशीला बसवलं.

"आईची तिल्हरी घेतलीस?"

"घेतली असेल."

"असेल म्हणजे?"

"घेतली, सर. लिहा ना."

"कुठून?"

"पेटीतून."

"कुलूप होतं ना पेटीला?"

"हो. तोडलं."

त्या पेटीला कुलूप नव्हतंच, साधी कडी होती.

"विकलीस कुठे?"

"सोनाराकडे. पनवेलला."

"कुठला सोनार?"

"आठवत नाय. मला आजकाल काय पण आठवत नाय, सर. आई बोलली ना मी घेतली? मग मीच घेतली असणार."

खरी कबुली देणाऱ्या माणसाकडे सांगायला न विचारलेलं काहीतरी असतं. दार कसं करकरलं, कोण आडवं आलं, माल देताना समोरचा काय म्हणाला. हा पोरगा माझेच प्रश्न मला उत्तर म्हणून परत देत होता. इतक्या सहज आलेल्या कबुलीने मला कधी आनंद झालेला नाही. मी त्याला नोटीस दिली, दुसऱ्या दिवशी सकाळी हजर राहायला सांगितलं आणि आजींच्या जबाबदारीवर सोडून दिलं.

बाहेर व्हरांड्यात आई डबा घेऊन बसलेली. पोरगा बाहेर येताना दिसला तशी ती उसळलीच.

"सोडलं? का सोडलं, हजूर? मी सांगते ना चोर आहे! अगंबाई, असे कसे पोलीस तुम्ही?"

आरोपीला पकडलं म्हणून लोकांनी आम्हाला शिव्या घातल्या आहेत. सोडला म्हणून आईने झापल्याचा प्रसंग एवढाच. मी ऐकून घेतलं, कारण काहीतरी चुकतंय हे मलाही कळत होतं.

संध्याकाळी पनवेलच्या एका सोनाराचा फोन आला. आमच्या चांगल्या ओळखीचा माणूस. "साहेब, एक विचित्र पोरगा येऊन गेला. मला विचारतो, मी तुमच्याकडे हिरव्या मण्यांची सोन्याची माळ विकली का? मी नाही म्हटलं, तर शेजारच्या दुकानात जाऊन तेच. अख्ख्या गल्लीत विचारत फिरतोय. रडत होता हो."

मी फोन ठेवला. नोकरीत सोनारांकडे चोराला घेऊन मी पुष्कळदा गेलो होतो. आपण चोरी केली की नाही हे विचारायला स्वतः सोनारांकडे फिरणारा चोर मात्र ऐकला नव्हता. त्या पोराचा स्वतःवरचा विश्वासच पार संपला होता. मला त्याची फार दया आली, आणि त्याने घेतली नाही याची खात्रीही तिथेच पटली. मग माळ गेली कुठे?

घरी पोहोचलो, टोपी काढली आणि सवयीने पंख्याचं बटण दाबलं. आतून बायकोचा आवाज आला, "पंखा बंद करा आधी! अंकुर आडवे पडतील." दर नवरात्रात हे भाषण मी ऐकतो. निवृत्त झालो तरी ऐकतो आहे. पंखा बंद करता करता मी थबकलो. आमच्या घटातले अंकुर सगळे सरळ उभे होते. त्या खोलीत कोपऱ्यात ना पंखा, ना वारा, आणि तरी त्या द्रोणातले एका बाजूचे अंकुर लोळलेले मी पाहिले होते.

"एकाच बाजूचे अंकुर कशाने पडतात गं?"

"माती उकरली की पडतील. पण बसलेल्या घटात हात कोण घालेल? वेडबिड लागलंय का?"

सकाळी मी महिला हवालदाराला घेऊन त्या खोलीवर गेलो. बूट बाहेर काढले आणि आडोशासमोर मांडी घालून बसलो. पोरगा दाराशी भिंतीला टेकून झोपला होता. आजी चहा घेऊन आल्या, त्याही बसल्या.

"ताई," मी म्हणालो, "मी घटाला हात लावणार नाही. लावला तर माझी बायको मला घरात घेणार नाही. आता तुम्हीच सांगा."

मग तिने देवीला नमस्कार केला, पडलेल्या अंकुरांच्या बाजूला दोन बोटं घातली आणि मातीने भरलेली माळ माझ्यासमोर ठेवली.

"तुमच्या लॉकअपचं दार बाहेरून बंद होतं, हजूर. माझ्या दाराला आतून कडी आहे. आतल्या कडीने पोर थांबत नाही."

"म्हणून खोटी तक्रार केलीत?"

"त्याचा एक दोस्त होता. शेडजवळच्या त्या नवीन बिल्डिंगमध्येच मेला, याच पावडरने. त्याच्या आईकडे मी भात घेऊन गेले. ती भात बघत बसली, जेवली नाही. परत येताना मी रस्त्यातच ठरवलं. माझा पोरगा चोर झाला तर होऊ दे. पण जिवंत असू दे."

महिला हवालदार डोळे पुसत खिडकीकडे गेली.

"पण इथेच का लपवलीत?" मी विचारलं.

"घरात सगळीकडे त्याचा हात गेला. डब्यात गेला, पेटीत गेला, बापाच्या उशीखाली गेला. देवीकडे नाही गेला. एकदा पण नाही."

मी त्या समईकडे पाहिलं. घरातली शेगडी विकणाऱ्या पोराला ती जड पितळी समई दिसली नव्हती का? पावडरीसाठी तडफडत असतानाही तो त्या कोपऱ्यापाशी थांबला होता. झडतीत आम्ही काय गेलं याची यादी केली होती. काय गेलं नाही, हे आईने पाहिलं होतं.

मी तिला स्पष्ट सांगितलं, की खोटी तक्रार हासुद्धा गुन्हा आहे. हेही सांगितलं, की कोठडीचं आणि तुरुंगाचं दार बाहेरून बंद होतं हे खरं, पण आत त्याला शहाणं करणारं कोणी भेटणार नाही, बिघडवणारे मात्र रांगेने भेटतील. आणि मग म्हणालो, "आता हे त्याला तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही."

तिला माझ्या गणवेशाची भीती वाटली नव्हती. याची वाटली. ती पोराजवळ जाऊन बसली, त्याला हलवून उठवलं आणि माळ त्याच्यासमोर धरली. "तू नाही घेतला. मी लपवला. मी खोटं बोलले."

पोरगा माळेकडे बघत राहिला. "म्हणजे मी नाय घेतला?"

"नाही रे."

"मी नाय घेतला?" त्याने आता मला विचारलं.

"नाही. तू घेतली नाहीस," मी म्हणालो.

"सगळ्या दुकानात विचारलं मी, आई. सगळ्या." एवढं बोलून तो उठला आणि ताडताड बाहेर निघून गेला. महिला हवालदार मागे जायला निघाली, मी तिला थांबवलं. आई जागची हलली नाही. तिचं सगळं त्या दारावर पणाला लागलं होतं. आजी पुटपुटल्या, "येल, येल. पोर हाय तं."

तो परत आला. डोळे सुजलेले. आईकडे न बघता त्याने माझ्यासमोर उभं राहून विचारलं, "सर, तुमच्या लॉकअपशिवाय बाहेरून बंद होणारं दुसरं दार आहे का कुठे?"

होतं. माझ्या माहितीतले एक डॉक्टर व्यसनमुक्ती केंद्र चालवत. व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला तयार झाला तर कायदाही त्याला संधी देतो. जाण्याआधी त्याने मला पावडर पुरवणाऱ्याचा ठिकाणा सांगितला. त्या स्कूटरवाल्याला आम्ही पंचांसमक्ष मालासकट धरला आणि त्या गुन्ह्यात रीतसर अटक झाली. चोरीच्या अर्जावर मी शेरा मारला, 'वस्तू घरातच मिळून आली.' यात एक शब्द खोटा नव्हता.

दसऱ्याला केंद्रात भेटायची परवानगी नव्हती. आई हवालदिल झाली. पण त्यांच्यात टीका कोजागरीच्या पौर्णिमेपर्यंत चालतो. डॉक्टरांनी पौर्णिमेला अगदी थोडा वेळ दिला. ओल्या रुमालात जपून ठेवलेला जमरा तिने पोराच्या कानावर खोवला तेव्हा तो आधी रागावूनच उभा होता. मग त्याने मान खाली केली आणि तिला सहज पोहोचेल असा वाकला.

सगळं लगेच सुरळीत झालं असं मी सांगणार नाही. घरी आल्यावर तो एकदा पुन्हा घसरला. त्या वेळी आईने फोन केला नाही, त्यानेच केला. "सर, परत दार बंद करून घ्यायचंय," म्हणाला. मी गाडी काढली.

माझ्या निवृत्तीनंतरच्या पहिल्या दसऱ्याला त्या घरचं आमंत्रण आलं. आता काठीच्या आधाराने हिंडू लागलेल्या बापाने त्या वर्षी स्वतः जव पेरले होते. मी पोहोचलो तेव्हा नवरा-बायको आजींच्या पाया पडायला वर गेले होते. खोलीत पोरगा एकटाच, टिक्यासाठी तांदूळ, दही आणि लाल रंग कालवत बसलेला. आणि दाराशेजारच्या खिळ्याला, हात लांब केला की मिळेल अशी, तिल्हरी टांगलेली.

पोलिसाची नजर निवृत्त होत नाही. माझी नजर खिळ्यावर गेली हे त्याने पाहिलं आणि तो हसला.

"आई विसरली नाय, सर. कुठं पण जाताना मुद्दाम काढून तिथंच ठेवून जाते."

चोरी शोधताना काय गेलं हे पाहायचं मला खात्याने शिकवलं. माणूस शोधताना काय शाबूत राहिलं हे पाहायचं, ते मला एका मोमो विकणाऱ्या आईने नोकरीच्या शेवटच्या वर्षी शिकवलं. आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, पण निदान कळलं.

मी खाली बसलो. त्याने ताटली माझ्यापुढे सरकवली. "तुम्ही मोठे, सर. तुम्हीच लावायचा," म्हणाला आणि कपाळ पुढे केलं.